वृद्धाश्रमात पत्रलेखन घेताय? आधी एवढं बघा

कोल्हापुरात वृद्धाश्रमात पहिल्यांदाच हा उपक्रम घेताय, तर पहिल्या दिवशी सहाच जण बसवा. सकाळच्या चहानंतर, वीस-पंचवीस मिनिटं, बस्स. पुढे बोटं आखडतात आणि अक्षर बिघडलं की माणूस हिरमुसतो.

खुर्ची हातांची नको, कोपर टेबलावर सपाट टेकलं पाहिजे. उजव्या हातानं लिहिणाऱ्यांना उजेड डावीकडून द्या. गुळगुळीत कागदावर जेलची शाई फरफटते, त्यापेक्षा साधा जाड कागद आणि २बी पेन्सिल बरी. पकड सुटत असेल तर पेन्सिलीला सुती चिंधी गुंडाळून वरून रबरबँड लावा.

पार्किन्सन्स असलेल्यांचं अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जातं. त्यांना काळ्या स्केचपेननं दीड-दीड सेंटिमीटरवर ओळी आखून द्या आणि दर दोन-तीन शब्दांनी थांबायला सांगा. पोस्टकार्डावर एवढं मोठं अक्षर मावत नाही, पाकीटच घ्या.

कोरा कागद पुढे ठेवून ‘लिहा काहीतरी’ म्हणू नका, हात तिथंच अडतो. वर ‘श्री’, उजवीकडे ‘कोल्हापूर’ नि तारीख, मग मायना: ‘चि.’, ‘ती.’ किंवा ‘सा. न. वि. वि.’ इथंच आजी-आजोबा खुलतात, कारण हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं असतं. पुढचा विषय नेमका द्या: जोतिबाची यात्रा, रंकाळ्यावरची संध्याकाळ, तांबड्या रश्शाची कृती.

शुद्धलेखन अजिबात सुधारू नका. हात चालतच नसेल त्यांनी सांगावं, तुम्ही लिहा, सही मात्र त्यांचीच. पत्ता आणि सहा आकडी पिनकोड घरच्यांकडून आधीच तपासून घ्या. पाकीट परत आलं की फार लागतं त्यांना.