वेठीचा वधस्तंभ

प्रिय मुला,

सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. स्टोअरमधला माल साहेबांनी परस्पर बाहेर काढला, रजिस्टरवर सही तुझी, आणि आता कारणे दाखवा नोटीसही तुझ्याच नावावर. भोसरीहून घरी येताना बसमध्ये शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा आपल्याला चोर समजतोय असं वाटतं, असं तू लिहिलंयस. तिथं आलो आणि चष्मा काढून ठेवला. ते वाटणं माझ्या ओळखीचं आहे.

1987 साली मी एका शाळेत कारकून होतो. परीक्षा फीच्या हिशेबात पैसे कमी निघाले. पावतीपुस्तकातल्या कार्बनच्या प्रती कुणी फाडल्या ते ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, पण तो माझ्या वरच्या जागेवर होता. वसुली माझ्या पगारातून झाली, 11 महिने. मी तोंड मिटून होतो. रविवारी उपासनेला जायचो, प्रभुभोजन घ्यायचो, आणि लोक म्हणायचे, काय सोशिक माणूस आहे! एका संध्याकाळी माझ्या मुलाच्या हातून दुधाचा पेला सांडला आणि मी त्याच्या कानाखाली वाजवली. सहा वर्षांचं पोर. ते रडलं नाही. खाली बसून शर्टाच्या बाहीनं फरशीवरचं दूध पुसायला लागलं. ती ओली बाही मला आजही दिसते. माझ्यावर झालेला अन्याय मी सोसत नव्हतोच, माझ्यापेक्षा लहान असलेल्यावर ढकलत होतो.

म्हणून तुला कळकळीनं सांगतो, गप्प राहणं म्हणजे सोसणं नव्हे. तुला कुणीतरी म्हणालं की ही देवाची इच्छा आहे, सहन कर. साहेबाची चोरी देवाच्या खात्यावर मांडू नकोस. बायबलातल्या योसेफाला त्याच्या भावांनी विकलं. पुढे त्यानं त्यांना क्षमा केली, धान्य दिलं, पण तुम्ही माझं वाईट योजलं होतं हे त्यांना तोंडावर सांगितलं. देवानं त्यातून चांगलं घडवलं, म्हणून भावांचं कृत्य चांगलं ठरलं नाही.

आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय काढ. महायाजकापुढे शिपाई प्रभू येशूला चपराक मारतो. आपल्याला वाटतं, प्रभूनं मुकाट्यानं दुसरा गाल पुढे केला असेल. तसं झालेलं नाही. मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, नसेन तर मला का मारतोस, असं तो विचारतो. हात बांधलेले आहेत, सुटका होणार नाही हे ठाऊक आहे, तरी तो प्रश्न विचारतो. त्या प्रश्नात शिव्याशाप नाहीत. उलट त्या शिपायालाही विचार करायची एक संधी आहे. वधस्तंभावर ज्यानं मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली तो हाच. जगानं केलेला अन्याय त्याच्यापाशी आला आणि तिथंच थांबला, पुढे कुणाच्या अंगावर गेला नाही. माझ्या घरात तो थांबला नव्हता, म्हणून मला हे थांबणं केवढं मोठं आहे ते कळतं.

तू विचारतोस, मी हा वधस्तंभ निवडलाच नव्हता, मग त्याला काय अर्थ? कुरेनेकर शिमोनानं तरी कुठे निवडला होता? शेताकडून येत होता बिचारा. शिपायांनी त्याला येशूचा वधस्तंभ वाहायला वेठीस धरलं. आपल्या शास्त्रात शब्दच तो आहे, वेठ. अपराध त्याचा नाही, शिक्षा त्याची नाही, खांदा मात्र त्याचा. त्या क्षणी त्याला अपमानच वाटला असेल, भक्ती वगैरे काही सुचलं नसेल. पण लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो की तो येशूच्या मागून चालत होता. मला इतकंच पुरतं. ओझं बळजबरीचं होतं, पण पुढे कोण चाललंय ते त्याला दिसत होतं. आणि मार्क त्याच्या दोन मुलांची नावं देतो, आलेक्सांद्र आणि रूफ, जणू वाचणारे त्यांना ओळखतात. त्या घरात पुढे काहीतरी घडलं असणार, असं मला नेहमी वाटतं.

तुझ्या मनात आज राग आहे, तो असू दे. 22 वं स्तोत्र मोठ्यानं वाच. प्रभूनंही वधस्तंभावर त्याचेच पहिले शब्द उच्चारले, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? साहेबांना क्षमा आजच करता आली नाही तरी चालेल. मला कित्येक वर्षं लागली. आईवर मात्र चिडू नकोस. ती दोन वेळा विचारते, जेवलास का, तर दोन्ही वेळा नीट उत्तर दे.

नोटिशीचा खुलासा मुदतीत गेलाच पाहिजे. त्यात खरं तेवढंच, तारखांसकट लिही. साहेबांबद्दल ऐकीव काही घालू नकोस. रविवारी उपासना झाली की पंचहौद चर्चच्या घंटाघराखाली थांब. रजिस्टरच्या पानांची झेरॉक्स असेल तर आण, गेटपासची तर नक्कीच आण. मी कोरे कागद आणि पेन घेऊन येतो.

तुझा,
काका