सरड्याच्या प्लायवूडच्या पेटीत माती, झाडे आणि कीटक ठेवायचे आहेत. तळ जलरोधक कसा करावा?

ओलावा लाकडात शिरतो तो मुख्यतः सांध्यांतून आणि प्लायवूडच्या कापलेल्या कडांमधून, त्यामुळे खरे काम तिथेच आहे. तळ आणि मातीच्या पातळीच्या थोडे वरपर्यंतच्या भिंती सँडपेपरने घासून कोरड्या कराव्यात, इपॉक्सीचे (दोन घटक मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेचे) दोन-तीन पातळ थर द्यावेत, आणि ते पूर्ण सुकल्यावरच कोपऱ्यांत सिलिकॉन भरून ओल्या बोटाने दाबत न्यावे. हा क्रम उलटा करू नये, कारण सिलिकॉनवर इपॉक्सी धरत नाही. सिलिकॉन बुरशीरोधक रसायन नसलेले, मत्स्यालयासाठीचे घ्यावे. व्हिनेगरसारखा वास येत आहे तोवर ते सुकलेले नाही असे समजावे आणि प्राण्याला आत सोडू नये.

सुकल्यानंतर तळात थोडे पाणी भरून, खाली कागद अंथरून, पेटी 24 तास तशीच ठेवावी. कागदावर डाग उमटला, तर गळती नेमकी कुठे आहे ते कळते. ही चाचणी माझ्या मते अजिबात टाळू नये, कारण माती भरल्यावर दुरुस्ती म्हणजे सगळे उपसणे.

जलरोधक तळातून पाणी कुठेच जात नाही, म्हणून मातीखाली भाजलेल्या चिकणमातीच्या हलक्या गोळ्यांचा सुमारे 5 सेंटीमीटर थर आणि त्यावर बारीक जाळी हवीच. अन्यथा मुळे कुजतात. कोपऱ्यात तळापर्यंत एक उभी नळी ठेवल्यास साचलेले पाणी सिरिंजने काढता येते.