सिस्टरना विचारा : मास्क कुठल्या कप्प्यात?

प्रश्न : आमच्या तालमीनं वर्गणी काढून रुग्णवाहिका घेतली. कपाटं भरून औषधं आणि पट्ट्यांचं सामान आहे. मेडिकल दुकानवाल्या मित्रानं सगळं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावून दिलं. तरी गगनबावड्याहून दम्याचा पेशंट आणताना ऑक्सिजनचा मास्क सापडायला पाच मिनिटं गेली. सामान लावायचं कसं?
– तालमीचे कार्यकर्ते, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : पोरांनो, मास्क 'एम'मध्ये बघितला की 'ओ'मध्ये? दुकानात गिऱ्हाईक नाव सांगतं, मग काउंटरवाला हुडकतो. गाडीत पेशंट नाव सांगत नाही, त्याचे ओठ निळे पडतात.

मास्क कपाटात ठेवायचाच नाही. मोठ्याचा एक, लहान मुलाचा एक, नळीसकट फ्लोमीटरजवळ, म्हणजे ऑक्सिजन किती सोडायचा ते दाखवणाऱ्या मीटरजवळ, टांगून ठेवा. पेशंटच्या डोक्याशी बसणाऱ्याच्या हाताला श्वासाचं सगळं लागलं पाहिजे : अँबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायचा फुगा), सक्शन (तोंडातला कफ-रक्त ओढून काढायचं यंत्र), मास्क. त्याच्या शेजारी रक्त थांबवायचं, म्हणजे हातमोजे, गॉज, बँडेज, कात्री. फळ्या, जादा चादरी, बाळंतपणाचा संच पायाकडं. लावून झालं की रात्री दिवा बंद करून एकानं त्या सीटवर बसायचं आणि बाकीच्यांनी वस्तू पुकारायच्या. दहा मोजेपर्यंत हाताला लागली नाही, तर तिची जागा चुकली.

कपाटाच्या काचेवर देणगीदारांचे स्टिकर असतील, तर ते बाहेर पत्र्यावर लावा. पुण्य तेवढंच मिळतं, आणि आतलं दिसतं.

आता ऑक्सिजन. तुमच्याकडं 'बी' टाइप सिलिंडर असणार, भरलेला असताना साधारण 1500 लिटर. मिनिटाला 10 लिटर सोडला तर अडीच तास. सिलिंडरवरचा दाबाचा काटा 150 बारवर असताना हा हिशोब. 50 वर आला की उरतो जेमतेम पन्नास मिनिटांचा. गगनबावडा 55 किलोमीटर, दीड तासाचा रस्ता. म्हणजे काटा 50 वर असताना निघालात, तर जवळपास निम्मी वाट कोरडी. त्यात पावसाळ्यात बालिंग्याच्या पुलाशी पाणी आलं की दीड तासाचे किती होतील, हे तुम्हाला मी सांगायला नको. सिलिंडरची चावी त्याच्याच मानेला दोरीनं बांधा. आणि व्हॉल्व्ह जाम झाला म्हणून तेल-ग्रीस लावू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर पेट घेतात.

इंजेक्शनांचं माझं मत तुम्हाला आवडणार नाही. गाडीत डॉक्टर किंवा नर्स नसेल, तर ती ठेवूच नका. कुणीतरी पुण्याईनं आणून दिलेला अँप्युलचा, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्यांचा, खोका परत करा. असलीच कधी डॉक्टर-नर्सची सोय, तर माझी गोष्ट लक्षात ठेवा. मी कॅज्युअल्टी आणि गाडी मिळून 27 वर्षं काढली. एकदा उसाच्या रानातून कीटकनाशक प्यायलेला पेशंट घेऊन येत होतो. त्याला विषावरचं ॲट्रोपिनचं इंजेक्शन लागतं, आणि लागतं तेही एकामागून एक. मी फोडत होते, भरत होते. ॲट्रोपिन आणि ॲड्रेनालिन, दोन्ही एक मिलीच्या इवल्याशा अँप्युल, मीच एका खणात ठेवलेल्या. वळणावर गाडी हेलकावली, हातात आली ती ॲड्रेनालिन, अगदी वेगळ्या कामाचं जालीम औषध. फोडण्याआधी नाव मोठ्यानं वाचायची सवय होती म्हणून वाचला तो माणूस. आपण घरात तिखट आणि हळद शेजारी ठेवतो, कारण रंग ओरडून सांगतो. अँप्युल ओरडत नाहीत. तेव्हापासून माझ्या पेटीत त्या दोघींच्या मध्ये दोन खण असायचे.

राहता राहिलं भरणं. फेरीवरून आल्यावर चहाला जायच्या आधी वापरलेलं परत भरायचं, आणि पेटीला नंबरवालं प्लॅस्टिकचं सील लावायचं. सील अख्खं, तर आतलं अख्खं; तुटलेलं असेल तर मोजा. हे काम 'सगळ्यांचं' ठेवू नका, तालमीत सगळ्यांच्या कामाचं काय होतं ते तुम्हीच जाणता. आठवड्याला एक नाव फळ्यावर लिहा.

प्रश्न : औषधावर '03/2027' एवढंच छापलेलं असेल, तर कोणती तारीख धरायची? शिवाय आमची गाडी दिवसभर उन्हात उभी असते.
– एक चालक, राधानगरी

उत्तर : त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा, म्हणजे 31 मार्च. पण साखर तपासायच्या पट्ट्यांना ही तारीख पुरत नाही. डबी उघडली की बऱ्याच कंपन्यांच्या पट्ट्या तीनेक महिनेच चालतात, किती ते डबीवरच असतं. उघडल्या दिवशी पेननं तारीख टाका.

उन्हाचं म्हणाल, तर '30 अंशांखाली ठेवा' असं लिहिलेलं औषध बंद गाडीत एप्रिलमध्ये टिकेल असं धरू नका. औषधाची पेटी उतरवून खोलीत ठेवा आणि फेरीला निघताना चावीबरोबर उचला. त्यासाठी खिळा एकच ठोका : चावी त्याला, पेटी त्याच्याखाली.