दहावीनंतर सायन्स सोडणाऱ्यांचं काय?

प्रश्न : मुलगी सीबीएसईतून दहावी झाली, आता कॉमर्स घेते आहे. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात आवर्तसारणी आणि उत्क्रांती नव्हती. एनसीईआरटीने २०२२ मध्ये ओझं कमी करायचं म्हणून ते भाग वगळले. शाळेत विचारलं तर ‘पुढे अकरावी-बारावीत आहेत की’, असं सांगितलं. तुम्ही आयुष्यभर केमिकल कंपनीत होतात, या विषयावर लिहिता-बोलता. खरंच काही अडतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अडतं, ताई. ‘पुढे आहे’ हे उत्तर मला मुळीच पटत नाही. पुढे आहे ते सायन्स घेणाऱ्यांना. कॉमर्स, आर्ट्‌स किंवा आयटीआयला जाणाऱ्यांसाठी दहावी हीच शेवटची संधी.

माझी नोकरी लोटे परशुरामच्या एमआयडीसीत झाली. तिथे रिॲक्टरचा व्हॉल्व्ह ऑपरेटरच्या हातात असतो, आणि तो बहुधा दहावी-आयटीआय झालेला. एका रात्रपाळीत न्यूट्रलायझेशनला, म्हणजे बॅचमधलं आम्ल मारायला, कॉस्टिक सोडा (सोडियमचा अल्कली) कमी पडला. स्टोअरमध्ये कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियमचा अल्कली) होतं. ऑपरेटरचा फोन आला, “साहेब, दोन्ही एकाच गणातले ना? पोटॅश चालेल, पण वजन किती धरू?” सोडियम-पोटॅशियम एका गणातले, म्हणजे आवर्तसारणीच्या एकाच उभ्या स्तंभातले, म्हणून काम सारखंच करतात, मात्र पोटॅशियमचा अणू जड, म्हणून ४० किलो सोड्याच्या जागी ५६ किलो पोटॅश लागतं, त्यात पोटॅशच्या फ्लेक्सची (पापुद्र्यांची) शुद्धता धरून आणखी थोडं. तेवढ्याच वजनाच्या गोण्या ओतल्या असत्या तर बॅच आम्लच राहिली असती. वजनाचा प्रश्न त्याला सुचला तो दहावीच्या आवर्तसारणीच्या पाठामुळे.

उत्क्रांतीचंही तेच. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळी बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या वाणाला, पुरून उरली. विष पचवणाऱ्या थोड्या अळ्या वाचल्या, त्यांचीच वीण वाढली. कापूस लावणाऱ्या प्रत्येक घराला हे कळायला हवं, आणि त्या घरातली सगळी मुलं काही बारावी सायन्सला जात नाहीत. उत्क्रांती परत घ्या, असं पत्र एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी काढलं; त्यावर माझीही सही आहे. आवर्तसारणीसाठीही मी तितक्याच आग्रहाने भांडतो.

मुलीसाठी आपल्या बालभारतीचं दहावीचं ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ आणा, इंग्रजी माध्यमातही मिळतं. भाग १ मधला दुसरा पाठ आवर्तसारणीचा आणि भाग २ मधला पहिला उत्क्रांतीचा. ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहे. सुट्टीत दोन्ही वाचून होतील. अडलं तर जरूर कळवा.