घर बाबांचं, पण किती बाबांचं?

(या वेळी आलेल्या पत्रांत सावत्र नात्यांतली घरं फारच निघाली, म्हणून सगळा अंक त्यांनाच दिलाय. गणितं हिंदू वारसा कायद्याची आहेत, तो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी वाचकांचे हिशोब वेगळे, ते पुढे कधीतरी.)

प्रश्न: वकीलताई, आमचा फ्लॅट आई-बाबांनी मिळून घेतला होता. मी कॉलेजात असताना आई गेली, मग चार वर्षांनी बाबांनी दुसरं लग्न केलं. आम्ही तिला मावशीच म्हणतो. तिला आधीच्या लग्नाचा एक मुलगा आहे आणि बाबांपासून एक मुलगी. गेल्या वर्षी बाबाही गेले, मृत्युपत्र काही नाही. सोसायटीत नॉमिनी मावशी आहे आणि ती म्हणते नॉमिनी मी म्हणजे घर माझं. दादा म्हणतो घर आमच्या आईबापाचं, तिचा काय संबंध, तिनं आणि तिच्या पोरानं बाहेर निघावं. पण खरं सांगायचं तर बाबांच्या आजारपणात हॉस्पिटलच्या खेपा त्या मुलानेच घातल्या. मी मध्येच अडकलीये. बरोबर कोणाचं?

उत्तर: दोघांचंही चूक, आणि तुम्ही मध्ये अडकलाय ते बरंच आहे, कारण अशा घरात कागद शांतपणे वाचणारं एक तरी माणूस लागतं.

आधी नॉमिनीचं बघू, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यावरूनच होतात. नॉमिनी म्हणजे मालक नाही. सुप्रीम कोर्टाने विम्याच्या पैशांबाबत 1983 सालीच हे सांगितलं होतं आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर 2023 मध्ये परत तेच म्हटलंय, की नॉमिनेशन म्हणजे वारसाहक्काचा वेगळा रस्ता नव्हे. आपल्याकडच्या सोसायट्यांसाठी सहकार कायद्यात 2019 ला जी दुरुस्ती झाली (कलम 154ब-13) तिच्यात तर स्पष्टच आहे की सभासद वारला की नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं, खरे वारस नोंदले जाईपर्यंत. म्हणजे मेंटेनन्सची बिलं, मीटिंगच्या नोटिसा मावशीच्या नावाने येतील, पण तेवढ्याने घर तिचं झालं असं होत नाही. तुम्ही सोसायटीला आजच एक लेखी पत्र द्या, की वारस आम्ही इतके जण आहोत, सगळ्यांच्या संमतीशिवाय कायमचं ट्रान्सफर करू नये, आणि त्याची पोच घ्या. सेक्रेटरी ओळखीचे आहेत म्हणून तोंडी सांगू नका.

आता दादाकडे येते. त्यांना वाटतंय मावशी परकी. पण बाबांची कायदेशीर पत्नी म्हणून ती पहिल्या वर्गाची वारस आहे, बाबांच्या हिश्श्यात तिला मुलांइतकाच एक वाटा मिळतो, ती दुसरी बायको आहे म्हणून त्यात एक पैसा कमी होत नाही.

पण बाबांचा हिस्सा मुळात किती, हे तुमच्या पत्रात कुणीच विचारलेलं नाहीये. कपाटातल्या फाइलमधून सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढा. पुढच्या बाजूला नावं असतात, उलटं केलं की मागे ट्रान्सफरच्या नोंदींचा तक्ता असतो, तारीख, नाव, सही-शिक्का. आई गेल्यावर तिथे काही नोंद झाली का ते बघा. बहुतेक घरांत तो तक्ता कोराच असतो, आई गेली तेव्हा कुणाला कागदांचं सुचलंच नाही आणि सगळे धरून चालले की आता घर बाबांचं. तसं नसतं. आईचा अर्धा हिस्सा ती गेली त्याच दिवशी वारसांकडे गेला, नोंद होवो न होवो. बाईने मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तिचे मुलगे, मुली आणि नवरा समान वाटेकरी.

घराचे सहा भाग करा. तीन आईचे, तीन बाबांचे. आईच्या तिनातला एक बाबांना, एक दादाला, एक तुम्हाला. म्हणजे दुसऱ्या लग्नाच्या दिवशी बाबांकडे सहापैकी चार होते आणि तुम्हा दोघांकडे एकेक आधीच आलेला होता. बाबा गेल्यावर त्या चारांचे वाटेकरी चार: मावशी, दादा, तुम्ही आणि धाकटी बहीण. (आजी, म्हणजे बाबांची आई, तेव्हा हयात असती तर तिचाही एक वाटा झाला असता, हे लोक हमखास विसरतात.) एकूण दादाचे दोन, तुमचे दोन, मावशीचा एक, धाकटीचा एक. हे अर्थात करारनाम्यात दोघांचे हिस्से निम्मे-निम्मे धरून. तिथे वेगळं प्रमाण लिहिलं असेल, किंवा पैसे सगळे एकाचेच होते आणि दुसरं नाव फक्त सोयीसाठी टाकलं असा कुणाचा दावा असेल, तर गणित बदलेल, म्हणून करारनामा आणि इंडेक्स टू (रजिस्ट्रेशन ऑफिसातून मिळणारा खरेदीच्या नोंदीचा उतारा) दोन्ही काढून ठेवा.

मावशीच्या मुलाला बाबांकडून काहीच मिळत नाही. बाबांनी कायदेशीर दत्तक घेतलं नसेल तर सावत्र मुलगा त्यांच्या मुलांमध्ये धरत नाहीत. त्याने हॉस्पिटलमध्ये रात्री काढल्या असतील, बिलंही भरली असतील, तरी त्याने मालकी तयार होत नाही. मला हे बरोबर वाटतं का? नाही वाटत. पण कायदा तसा आहे. मात्र दादांना हेही सांगा की उद्या मावशी मृत्युपत्र न करता गेली तर तिचा तो एक भाग तिच्या पोटच्या मुलांना जाणार, म्हणजे धाकटीला आणि त्या मुलाला अर्धा-अर्धा. तेव्हा तो या घरात येणारच आहे, फक्त आईच्या बाजूने. आणि मावशीला स्वतःचं मूलच नसतं तर नवऱ्याकडून आलेला तो भाग तिच्या माहेरी न जाता परत नवऱ्याच्या वारसांकडे, म्हणजे तुमच्याकडे आला असता.

बाहेर काढायचं म्हणाल तर विसरा. सहहिस्सेदाराला दुसरा सहहिस्सेदार घराबाहेर काढू शकत नाही. वर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात पालक या शब्दात सावत्र आईसुद्धा येते, तिचं भागत नसेल तर ती ट्रिब्युनलकडे तुमच्याकडून महिना 10,000 रुपयांपर्यंत पोटगी मागू शकते. म्हणजे दादा कुलूप बदलायला जातील आणि हातात नोटीस घेऊन येतील.

मग करायचं काय? वाटपाचा दावा लावता येतो, पण दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या मधोमध भिंत घालता येत नाही, तेव्हा कोर्ट बहुतेक वेळा विकून पैसे वाटा असंच सांगतं आणि ते सांगेपर्यंत बरीच वर्षं जातात. त्यापेक्षा चौघांनी बसून कौटुंबिक समझोता करावा. माझ्या मते तुमच्या घरात एक गोष्ट जमण्यासारखी आहे: हिस्से वर सांगितले तसे सगळ्यांनी मान्य करायचे, मावशीने हयातभर तिथेच राहायचं, मेंटेनन्स तिने भरायचा, विक्री नंतर, आणि त्या मुलाने भरलेली बिलं विक्रीच्या पैशातून आधी फेडायची. कागद नुसत्या आधीच ठरलेल्या गोष्टींची आठवण म्हणून असेल तर रजिस्टर करावा लागत नाही, पण त्या कागदानेच हक्क दिले-घेतले जात असतील तर रजिस्ट्रेशन लागतंच. तुमच्या बाबतीत मी म्हणेन रजिस्टर करूनच टाका. आणि कुणीही "नुसती सही कर गं, फॉर्मॅलिटी आहे" म्हणून हक्कसोड पत्र पुढे केलं तर करू नका. रजिस्टर झालेलं हक्कसोड पत्र मागे घेणं महाकठीण असतं.

प्रश्न: माझं वय 61. पहिली पत्नी वारली, दुसरं लग्न करून नऊ वर्षं झाली. फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर, माझ्या कमाईचा. माझी इच्छा अशी की माझ्यामागे हिने इथेच राहावं, पण शेवटी घर माझ्या दोन मुलांना जावं. मुलं आणि ही एकमेकांशी धड बोलत नाहीत. काय लिहून ठेवू?

उत्तर: आधी तुमचं अभिनंदन, हा प्रश्न हयातीत विचारणारी माणसं फार थोडी असतात.

साधं मृत्युपत्र पुरेल. त्यावर तुमची सही आणि तुम्हाला सही करताना पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण तुमच्या घरचं वातावरण बघता कराच. साक्षीदार म्हणून घर मिळणाऱ्यांपैकी कुणाला घेऊ नका, आणि शक्यतो तुमच्याहून तरुण माणसं घ्या, कारण पुढे कोर्टात उभं राहायची वेळ त्यांच्यावरच येते.

खरी गोम शब्दांत आहे. लोक लिहितात, "हे घर पत्नीला तिच्या हयातीपर्यंत, नंतर मुलांना." दिसायला ठीक, पण हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 मुळे यावरून अनेक पिढ्या कोर्टात गेल्यात. बाईला तिच्या पोटगीच्या हक्कापोटी मर्यादित मालकी दिली असेल तर ती मर्यादा गळून पूर्ण मालकी होऊ शकते, सुप्रीम कोर्टाचा 1977 चा तुलसम्मा निकाल त्यावरच आहे. म्हणून मालकी सरळ मुलांना द्या, पत्नीला फक्त हयातभर राहण्याचा हक्क आहे असं लिहा, आणि तिच्या खर्चासाठी एफडी किंवा दुसरी रक्कम वेगळी, नावानिशी ठेवा. मसुदा वकिलाकडूनच करून घ्या, नेटवरचा नमुना इथे चालणार नाही. तिला राहू द्यायचं म्हणजे काय तेही लिहा: मेंटेनन्स आणि दुरुस्ती कोणी भरायची, ती आजारी पडून दुसरीकडे राहायला गेली तर काय, तिच्याकडे तिची माणसं राहायला आली तर काय. भांडणं या बारक्या गोष्टींवरूनच पेटतात.

"माझी मुले" असंही मोघम लिहू नका, पूर्ण नावं घाला. आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून अजून पहिल्या पत्नीचंच नाव असेल तर ते या आठवड्यात बदला. हसू नका, मी बरेचदा पाहिलंय. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस, म्हणून मुलगाही नको आणि पत्नीही नको, दोघांनाही ज्याचा शब्द पटेल असा कुणी तिसरा बघा.

प्रश्न: माझ्या वडिलांचा पहिल्या बायकोशी घटस्फोट झालेला नव्हता, तरी त्यांनी माझ्या आईशी लग्न केलं. आता पहिल्या घरची मुलं म्हणतात तुझा काहीच हक्क नाही. खरंय का?

उत्तर: तुमच्याबद्दल ते साफ चुकीचं बोलतायत. लग्न बेकायदेशीर ठरलं तरी त्यातलं मूल औरस, म्हणजे कायदेशीर, धरलं जातं, हिंदू विवाह कायद्याचं कलम 16. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत तुम्हाला त्यांच्या इतर मुलांइतकाच वाटा आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत वडिलांच्या वाट्याला जेवढं आलं असतं त्यातही तुम्ही वाटेकरी, हे सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलंय. त्यापलीकडे, म्हणजे काका-आत्यांच्या हिश्श्यावर, तुमचा हक्क नाही.

आईचं मात्र अवघड आहे. पहिली पत्नी हयात असताना झालेलं लग्न रद्दबातल, त्यामुळे पत्नी म्हणून वारसाहक्क तिला नाही. वडिलांनी मृत्युपत्रात किंवा बक्षीसपत्राने काही दिलं असेल तेवढंच. वडील अजून आहेत का हे तुम्ही लिहिलं नाहीये. असतील तर हा प्रश्न मला विचारण्याआधी त्यांना विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या.