मांडीवर पोरं घेतली तर चालेल ना?

प्रश्न : मावसभावाने पवना बॅकवॉटरला फायबरची बोट घेतलीय, मागे १५ एचपीचं इंजिन. बोटीवर ६ माणसं लिहिलंय आणि आम्ही सहा मोठे, दोन पोरं. पोरं मांडीवर घेतली तर चालेल ना? आणि पोहता येणाऱ्यांनी पण लाइफ जॅकेट घालायचं का, मेमध्ये उकडतं हो फार.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही चालणार. मांडीवर घेऊन पोराचं वजन कमी होत नाही, उलट ते वर चढतं आणि वजन जितकं वर तितकी बोट जास्त डुगडुगते. सरळ दोन फेऱ्या मारा, आणि ६ मध्ये चालवणाराही धरा.

छोटी बोट उलटायला लाटच लागते असं नाही, कोणीतरी "तो बघ तुंग किल्ला" म्हणतं आणि सगळे मोबाईल घेऊन एका बाजूला उभे राहतात, झालं. म्हणून काठ सोडायच्या आधीच भावाने दम द्यायचा, कोणी उठायचं नाही, फोटो बसूनच.

जॅकेट सगळ्यांना, पट्टे लावून. पडताना डोकं बोटीच्या काठावर आपटलं तर पोहणं काय कामाचं? पोरांचं जॅकेट वजनाप्रमाणे घ्या, घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत आलं तर मोठंय. पायांमधून जाणारा पट्टा असलेलं बघा.

मेमध्ये दुपारनंतर वळवाचं वारं कधी सुटेल नेम नाही. २१ मे २०२४ ला उजनीत कुगाव-कळाशी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली, ६ जण गेले. सकाळी जा, जेवायला काठावर या. पाणी उतरलेलं असतं, काठाजवळ खडक, खुंट असतात, तिथे हळू.

इंजिनाला लाल वेटोळ्याची दोरी असते ना, ती बरेच जण नुसती लटकवून ठेवतात (का ते देवाला ठाऊक). ती चालवणाऱ्याच्या मनगटाला हवी, तो पडला की इंजिन बंद. नाहीतर रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, इंजिनाच्या पाण्यातल्या फिरत्या पंख्यासकट. दुसरं कोणी पडलं तर पंखा त्याच्यापासून लांब जाईल असं वळायचं, हळू जवळ जायचं आणि इंजिन बंद करूनच वर ओढायचं. बोटच उलटली तर तिला धरून राहा, काठ जवळ दिसतो पण असतो लांब.

आणि भावाला विचारा बोटीचं रजिस्ट्रेशन आणि जलसंपदा खात्याची परवानगी आहे का, नसेल तर आधी ते, ट्रिप नंतर.