फिश टँकमधील पाण्याची ऊब : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

डिसेंबर लागला की ठाणे आणि नवी मुंबईतून येणाऱ्या पत्रांत तीच गल्लत पुन्हा दिसू लागते. पाणी किती आणि कशाने तापवावे, हे बहुतेकजण विचारतात. तापलेले पाणी तसेच उबदार कसे ठेवावे, हे क्वचितच कोणी विचारतो. विजेचे बिल आणि माशांचे आजारपण हे दोन्ही या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असल्यामुळे काही पत्रांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : घरी दोन गोल्डफिश आहेत. हीटर लावला नाही तर ते थंडीत मरतील, असे दुकानदार सांगतो. कोणता हीटर घ्यावा? (वाशी)

कोणताही घेऊ नये. गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा असून १८ ते २२ अंश सेल्सिअसचे पाणी त्याला मानवते. तेच पैसे मोठ्या टाकीवर आणि चांगल्या फिल्टरवर खर्च करावेत.

प्रश्न : आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. त्यात एंजल आणि टेट्रा जातीचे मासे आहेत. तीनशे वॅटचा हीटर घेतल्यास पाणी लवकर तापून बिल कमी येते, असे सांगण्यात आले. हे खरे आहे का? (घोडबंदर रस्ता, ठाणे)

नाही. टाकीतून जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढीच हीटरला भरून काढावी लागते, मग तो कितीही वॅटचा असो. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. आपल्या टाकीत रेती, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता ४५ ते ५० लिटर पाणी असेल. आपल्याकडच्या हिवाळ्यात लिटरला एक वॅट हे प्रमाण पुरेसे असते, म्हणजे थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारा भाग) असलेला ५० वॅटचा हीटर घ्यावा आणि तो २५ ते २६ अंशांवर ठेवावा.

मोठ्या हीटरचा खरा धोका वेगळा आहे. थर्मोस्टॅट बिघडून हीटर चालूच राहिला, तर तीनशे वॅटचा हीटर पन्नास लिटर पाणी तासाला सुमारे पाच अंशांनी तापवतो. आपण काही तास बाहेर गेलात तरी मासे दगावू शकतात. पन्नास वॅटच्या हीटरने तेच पाणी तासाला एका अंशापेक्षाही कमी चढते आणि बिघाड लक्षात येण्यास अवधी मिळतो. विकत घेण्यापूर्वी, हीटर विकण्यात ज्याचा फायदा नाही अशा जाणकाराला टाकीचे माप दाखवावे.

प्रश्न : वीज वाचावी म्हणून आम्ही हीटर रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच चालू ठेवतो. तरीही दर थंडीत माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. शेजारी हळद टाकायला सांगतात. काय करावे? (कळवा, ठाणे)

हळद टाकू नये, आणि हीटर असा हाताने चालू-बंद करणे आजपासून थांबवावे.

माशाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर बदलते. पाणी रोज वर-खाली होत राहिले की त्याच्या शरीरावर ताण पडतो, त्याची प्रतिकारशक्ती घटते आणि एरवी दबून राहिलेला परजीवी डोके वर काढतो. आपण वर्णन केलेले ठिपके बहुधा ‘इक’ या रोगाचे आहेत. त्याचा परजीवी माशाच्या त्वचेखाली वाढतो आणि तेथे असेपर्यंत औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पूर्ण वाढ झाल्यावर तो गळून तळाशी जातो, तेथे त्याचे शेकडो जीव होतात आणि ते नवा मासा शोधत पाण्यात पोहू लागतात. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या अवस्थेवर. म्हणूनच ठिपके दिसेनासे झाले म्हणजे रोग गेला, असे समजून दोन दिवसांत औषध थांबवणाऱ्यांच्या टाकीत तो पुन्हा उद्भवतो. ‘आपोआप जाईल’ म्हणून आठवडा घालवणे तर त्याहून घातक आहे, कारण हा परजीवी कल्ल्यांवरही बसतो आणि तेथले ठिपके आपल्याला दिसत नाहीत. मीठही सरसकट टाकू नये. टेट्रा आणि तळाशी राहणाऱ्या बऱ्याच माशांना ते सोसत नाही. औषध कोणते, किती आणि किती दिवस, हे माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला लगेच विचारावे.

आता कारणाकडे वळू. आपल्या हीटरला थर्मोस्टॅट आहे की नाही, हे आपण लिहिलेले नाही. खोक्यावर ‘ऑटो’ छापलेल्या काही स्वस्त हीटरमध्ये तापमान ठरवण्याची सोयच नसते. अशा हीटरने पाणी रात्रभर तापत राहते आणि सकाळी उतरू लागते. काचेवर चिकटवायच्या पट्टीऐवजी पाण्यात बुडणारा थर्मामीटर आणावा आणि तीन दिवस सकाळी सहा, दुपारी दोन व रात्री दहा वाजता आकडा लिहून ठेवावा. दिवसभरात दोन अंशांहून अधिक फरक पडत असेल, तर रोगाला निमंत्रण तेथूनच मिळत आहे. तसेच गच्चीवरच्या टाकीत रात्रभर गारठलेले पाणी सकाळी थेट नळातून भरत असाल, तर तेही थांबवावे. पाणी बदलायचे ते बादलीत काढून आदल्या दिवशीच खोलीत ठेवावे, क्लोरीन काढावे आणि दोन्ही पाण्यांचे तापमान जुळल्यावरच ओतावे.

राहिला खर्चाचा प्रश्न. थर्मोस्टॅटचा हीटर दिवसा खोली उबदार असताना स्वतःच बहुतेक वेळ बंद राहतो. हाताने बंद करून वाचणारी वीज नगण्य असते. उष्णता खरी जाते ती टाकीच्या उघड्या तोंडातून. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता खर्च होते आणि ती मुख्यतः टाकीतल्या पाण्यातूनच निघते. रोज अर्धा लिटर पाणी उडत असेल, तर महिन्याला दहा युनिटांची ऊब हवेत गेली. तेव्हा आधी काचेचे झाकण करून घ्यावे आणि हवेसाठी एका कोपऱ्यात फट ठेवावी. मागची काच आणि दोन्ही बाजू यांना बाहेरून थर्मोकोलचे तक्ते लावावेत. मासे पाहण्यासाठी समोरची काच मोकळी राहतेच. टाकी खिडकीजवळ, पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात असेल तर हलवावी, मात्र बरेचसे पाणी काढून घेतल्यावरच. भरलेली टाकी सरकवताना जोड उकलतो.

प्रश्न : आंघोळीचे पाणी तापवायची रॉड पाच मिनिटे टाकीत धरली तर चालेल का? (नेरूळ)

चालणार नाही. टाकीत हात घालणाऱ्याला विजेचा धक्का बसून जीव जाऊ शकतो. शिवाय रॉडजवळचे पाणी भाजण्याइतके तापते आणि धातूचा अंश पाण्यात उतरू शकतो. टाकीच्या हीटरसाठीही नीट अर्थिंग असलेला सॉकेट आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी हवा. तो घरात आहे की नाही, हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

प्रश्न : गोल काचेच्या भांड्यात फायटर मासा ठेवला आहे. मोबाइलच्या चार्जरवर चालणारा छोटा हीटर दीडशे रुपयांत मिळतो. घ्यावा का? (खारघर)

थर्मोस्टॅट नसेल तर घेऊ नये. एवढेसे पाणी फार झपाट्याने तापते आणि तितक्याच झपाट्याने थंड होते. फायटरला २५ ते २८ अंशांचे स्थिर पाणी लागते. त्याला पंधरा-वीस लिटरची झाकणाची टाकी आणि थर्मोस्टॅट असलेला २५ वॅटचा हीटर द्यावा. मासा आत्ताच तळाशी निपचित पडून असेल, तर खरेदीच्या आधी पशुवैद्याला विचारावे.

प्रश्न : थंडीत वीज बराच वेळ गेली तर काय करावे? (ऐरोली)

टाकीला जाड चादर गुंडाळावी, बॅटरीवरचा एअर पंप लावावा, खाणे देऊ नये आणि उकळते पाणी अजिबात ओतू नये. वीज आल्यावर तासाभराने थर्मामीटर पाहावा.

प्रश्न : पाणी बदलताना हीटरच्या काचेला बारीक तडा गेला. एम-सील लावून वापरता येईल का? उन्हाळ्यात तो काढावा का? (ठाणे पूर्व)

तडा गेलेला हीटर टाकून द्यावा. मेन स्विच बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की त्याची काच तडकते, म्हणून पाणी काढण्यापूर्वी प्लग काढून वीस मिनिटे थांबावे. नवा हीटर मार्चअखेर काढून ठेवावा, कारण पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना तो साडेसातवर येतो, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत पाणी तेथवर हीटरशिवायच पोहोचते. नोव्हेंबरात हीटर पुन्हा लावताना तो आधी एक दिवस पाण्याच्या बादलीत थर्मामीटरसह चालवून पाहावा आणि वायर कडक झालेली दिसल्यास इलेक्ट्रिशियनला दाखवावी.